चूक आणि चुका : खिळ्यांच्या सोसाचा एक छोटा इतिहास

मागच्या खेपेला आपण वजनमापांविषयी बोललो. एखादी वस्तू मोजून विकणं आणि तोलून विकणं, एवढ्याने माणसाच्या वागण्यात काय फरक पडतो, हा प्रश्न तेव्हा वेळेअभावी राहून गेला. आज तोच धागा पुढे न्यायचा आहे. विषय मात्र तुम्हाला किरकोळ वाटेल. आज आपण खिळ्यांविषयी बोलणार आहोत. घरच्या घरी काही दुरुस्त करताना आपण जे खिळे ठोकतो, आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त ठोकतो, त्यांच्याविषयी.

उभं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेल्या माणसाने सुतारकामावर बोलावं का, असं कुणी विचारलं तर आमचा अधिकार एवढाच की आम्ही एक मेज फोडलेलं आहे. तेही वडिलांचं.

वडिलांचं लिहिण्याचं मेज कोकणातल्या घरातून आमच्याकडे पुण्याला आलं. पाय आणि चौकट सागवानी, वरची फळी आंब्याची, चांगली रुंद. काही वर्षांनी फळी हलायला लागली. आम्ही हातोडी घेतली आणि चार कोपऱ्यांत चार खिळे मारले. फळी घट्ट बसली, आमची छाती फुगली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, एप्रिलात फळीला मधोमध बारीक चीर पडली. मग चिरेच्या दोन्ही बाजूंना आणखी खिळे. पुढे एक पाय डुगडुगायला लागला, तेव्हा त्याच्या सांध्यात आडवे तीन खिळे. सांधा पुन्हा सैल, पुन्हा खिळे. असं वीसेक वर्षं चाललं. शेवटी एके दिवशी पाय सांध्यापाशीच उभा फाटला आणि शाईची दौत, पुस्तकं, सगळं जमिनीवर.

ओळखीच्या एका वयस्कर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मेज उलटं केलं, अर्धा दिवस बसून पकडीने एकेक खिळा उपटला आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडला. त्रेचाळीस भरले. म्हणाले, "सर, एवढे खिळे मारण्याआधी एकदा बघायचं होतं की हे हलतंय कशामुळे." मग त्यांनी दाखवलं. मूळ सुताराने फळी चौकटीला खिळ्यांनी जोडलीच नव्हती. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच होती आणि फळीच्या खालून छोटे लाकडी गुटके त्या खाचेत सरकवलेले होते. फळी फुगली की गुटके थोडे सरकणार, आकसली की परत येणार. त्यांतले दोन गुटके झिजून गळून पडले होते. आजार एवढाच होता. दोन गुटके नवे केले असते तर काम भागलं असतं.

आम्ही आयुष्यभर मुलांना शिकवलं की कारण शोधल्याशिवाय उपाय करू नका. आणि घरात त्रेचाळीस वेळा कारण न शोधता उपाय केला! आजचं व्याख्यान त्या त्रेचाळीस खिळ्यांचं आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. हार्डवेअरच्या दुकानात बारीक, लहान खिळ्यांना आपण 'चुका' म्हणतो. एकवचन 'चूक'. म्हणजे फळीला चूक मारली असं म्हटलं तर ती कोणती चूक, हे ऐकणाऱ्याने ठरवायचं. आमच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदमच लागू होते. 'मेख' म्हणजे खुंटी, पण 'यात एक मेख आहे' म्हणजे काहीतरी अडचण दडलेली आहे. 'पाचर मारली' म्हणजे चालतं काम अडवलं. कामाला 'खीळ' बसते. आणि जे अगदी मोडकळीला आलं ते 'खिळखिळं'. व्युत्पत्तीच्या वादात आम्ही शिरत नाही. पण जोडण्याच्या साधनांविषयी आपल्या भाषेने धरलेला हा सावध सूर लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता इतिहास. खिळा आज इतका स्वस्त आहे की खाली पडला तर आपण वाकत नाही. पण माणसाच्या इतिहासातला बहुतेक काळ खिळा ही महाग वस्तू होती, कारण प्रत्येक खिळा लोहाराच्या हातून निघायचा. लोखंडाची सळई तापवायची, ऐरणीवर चारी बाजूंनी ठोकून निमुळती करायची, तोडायची, मग माथा घडवायचा. एकेक असा.

रोमनांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल नावाच्या ठिकाणी रोमन सैन्याचा मोठा लाकडी तळ होता. इसवी सन ८६-८७ च्या सुमारास तो सोडून जायचा हुकूम आला. जाताना सैनिकांनी एक खोल खड्डा खणून त्यात तळावरचे खिळे पुरले आणि वर माती दाबली. १९६० साली उत्खननात तो खड्डा सापडला. त्यात पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे निघाले, दोन इंचांपासून पार हातभर लांबीपर्यंतचे. वरच्या थरातले खिळे गंजून एकमेकांना चिकटले होते, त्या कवचामुळे आतले बरेचसे चांगले राहिले. एवढे कष्ट कशासाठी? तर लोखंड स्थानिक टोळ्यांच्या हाती लागलं असतं, त्याची हत्यारं झाली असती. सैन्याला ओझं होणारा खिळा शत्रूला मात्र मोलाचा होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत लोक जमीन सोडून दुसरीकडे निघाले की जुनं लाकडी घर पेटवून द्यायचे आणि राखेतून खिळे वेचून घ्यायचे. लाकूड जंगलात फुकट होतं, खिळे साता समुद्रापलीकडून यायचे. शेवटी १६४५ साली तिथे कायदा करावा लागला की घर जाळायचं नाही. दोन त्रयस्थ माणसं घरात किती खिळे असतील याचा अंदाज करतील आणि तेवढे खिळे सरकार भरपाई म्हणून देईल. जरा थांबून विचार करा. घराची किंमत खिळ्यांत होत होती.

इंग्लंडात पडलेली खिळ्यांच्या आकारांची 'पेनी'ची नावं अमेरिकेत अजूनही चिकटलेली आहेत. शंभर खिळ्यांना किती पेन्स पडतात, त्यावरून ती नावं पडली. किमती कधीच बदलल्या, नावं राहिली. आम्हाला यातली महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की तेव्हा खिळा शेकड्यावर मोजला जात होता. जी वस्तू मोजून येते ती मोजूनच वापरली जाते.

आपल्या बाजूला काय होतं? आपल्या समुद्रात तर खिळ्यांशिवाय जहाजं चालत होती. हिंदी महासागरातली, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची जहाजं फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून बांधली जात. तेराव्या शतकात मार्को पोलोने होर्मुझला अशी जहाजं पाहिली आणि नाकं मुरडली. लोखंडी खिळे नाहीत म्हणजे हे बुडणारच, असा त्याचा ग्रह. चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताने मात्र उलट नोंद केली. त्याचं म्हणणं असं की खिळ्यांनी ठोकलेलं जहाज खडकावर आपटलं तर फुटतं, शिवलेल्या जहाजाला लवचीकपणा असतो, ते धक्का सोसतं. एकाच गोष्टीकडे पाहणारे दोन प्रवासी. एकाला ताठरपणा म्हणजे मजबुती वाटते, दुसऱ्याला वाकण्यात मजबुती दिसते. ही विद्या अगदी लुप्त झालेली नाही. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून गोव्यात असं शिवलेलं जहाज नव्याने बांधलं गेलं, केरळच्या कारागिरांनी ते शिवलं, आणि मे २०२५ मध्ये कारवारला ते 'कौंडिण्य' या नावाने भारतीय नौदलात दाखल झालं.

गावगाड्यातही पाहा. बलुतेदारांमध्ये सुतार आणि लोहार शेजारीशेजारी. बैलगाडीचं चाक घ्या. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, वर वाकदार लाकडाचे तुकडे, आणि त्यांवर लोखंडाची धाव. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, आगीत तापवून फुगवायची, लालबुंद असताना चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि सगळे सांधे आवळून धरतं. चाकाला बळ येतं ते या आवळण्यातून, ठोकण्यातून नव्हे. लोखंड कसं वागतं, लाकूड कसं वागतं, हे दोघांना ठाऊक होतं म्हणून हे जमलं.

असो. आता त्या काळाकडे येऊ जेव्हा खिळा स्वस्त व्हायला लागला. इथे आमच्या विषयातला एक माणूस भेटतो. ॲडम स्मिथ, ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याचा 'वेल्थ ऑफ नेशन्स' १७७६ चा. श्रमविभागणीची चर्चा करताना टाचणीचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच पहिल्या प्रकरणात खिळ्यांचंही उदाहरण आहे. ज्या लोहाराने खिळे कधी केलेले नाहीत, तो दिवसाला दोनतीनशे करील, तेही ओबडधोबड. ज्याला सवय आहे पण तेवढाच धंदा नाही, तो आठशे ते हजार करील. आणि विशीच्या आतली जी पोरं दुसरं काहीच करत नाहीत, ती दिवसाला तेवीसशेहून अधिक खिळे करताना स्मिथने पाहिली होती. पुढे पैशाविषयी लिहिताना तो सांगतो की स्कॉटलंडातल्या एका गावात कामगार बेकरीत आणि दारूच्या गुत्त्यात पैशांऐवजी खिळे घेऊन जातात.

तेवीसशे खिळे ऐकताना आपण आकड्यावर खूश होतो. ती पोरं कोण होती हे आपण विचारत नाही. इंग्लंडच्या ब्लॅक कंट्री भागात घरामागच्या खोपटात भट्टी असे, आणि नवरा, बायको, मुलं, सगळी मिळून खिळे ठोकत. आणि अमेरिकेत? स्वातंत्र्याचा जाहीरनामा ज्याने लिहिला त्या थॉमस जेफरसनने १७९४ साली माँटिसेलोच्या आपल्या इस्टेटीवर खिळ्यांचा कारखाना काढला. काम करणारी होती दहा ते सोळा वर्षांची गुलाम मुलं. दिवसाला आठ ते दहा हजार खिळे निघायचे. मुलांना सकाळी सळया तोलून द्यायच्या आणि संध्याकाळी खिळे तोलून घ्यायचे, म्हणजे कोणत्या मुलाने किती लोखंड वाया घालवलं ते कळतं. हा हिशेब जेफरसन स्वतः ठेवत होता. सर्व माणसं समान आहेत असं लिहिणारा हात आणि हा हिशेब लिहिणारा हात एकच. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही जाहीरनामा शिकवला, ही वही कधी दाखवली नाही. ती दाखवायला हवी होती.

नंतर यंत्र आलं. १७९० च्या दशकात अमेरिकेत लोखंडी पट्टीतून खिळे कापणारी यंत्रं निघाली. या कापीव खिळ्याचं टोक बोथट, अंग चपटं आणि पाचरीसारखं निमुळतं. मग एकोणिसाव्या शतकात पोलादी तारेपासून केलेला, गोल अंगाचा, टोकदार खिळा पसरला, जो आज आपण वापरतो. अमेरिकेत १८८६ साली एकूण खिळ्यांपैकी सुमारे दहा टक्के तारेचे होते. पुढच्या सहाच वर्षांत त्यांनी कापीव खिळ्याला मागे टाकलं, आणि १९१३ पर्यंत नव्वद टक्के बाजार तारेच्या खिळ्याचा झाला.

डॅनियल सिशेल या अर्थशास्त्रज्ञाने खिळ्यांच्या तीनशे वर्षांच्या किमती अभ्यासल्या आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, इतर वस्तूंच्या तुलनेत, खिळ्याची किंमत साधारण दहाव्या हिश्शावर आली. १८१० च्या सुमारास अमेरिकेच्या एकूण उत्पन्नातला सुमारे ०.४ टक्के भाग नुसत्या खिळ्यांवर खर्च होत होता. आज लोक घरच्या संगणकांवर साधारण त्याच प्रमाणात खर्च करतात, असं तो म्हणतो.

या स्वस्ताईने मोठं काम केलं, हे मान्य केलंच पाहिजे. १८३० च्या दशकात शिकागोत घरबांधणीची नवी रीत आली. जाडजूड खांब आणि कौशल्याचे सांधे यांच्याऐवजी पातळ लाकडाच्या पट्ट्या जवळजवळ उभ्या करायच्या आणि खिळ्यांनी ठोकायच्या. इतकं हलकं घर फुग्यासारखं उडून जाईल, म्हणून चेष्टेने त्याला 'बलून फ्रेम' नाव पडलं असं सांगतात. घरं उडाली नाहीत. जिथे मुरलेले सुतार लागायचे तिथे दोन धडधाकट माणसं आणि खिळ्यांचं एक पिंप पुरायला लागलं. सामान्य माणसाला घर मिळालं. तेव्हा आम्ही खिळ्याच्या विरोधात बोलतोय असा समज करून घेऊ नका. खिळ्याने गरिबाला छप्पर दिलेलं आहे.

पण त्याच वेळी एक गोष्ट गुपचूप बदलली. शेकड्यावर मोजला जाणारा खिळा तोलून विकला जाऊ लागला. आज आपण दुकानात जातो आणि म्हणतो, 'दोन इंची अर्धा किलो द्या.' किती खिळे हवेत हे आपल्याला माहीत नसतं, दुकानदार विचारत नाही. घरी आल्यावर पुडी सोडायची आणि ठोकत सुटायचं. एक मारला, मन भरलं नाही, म्हणून शेजारी दुसरा. जास्तीचा खिळा म्हणजे जास्तीची मजबुती, असं आपल्या मनाने धरलेलं आहे. पूर्वी हा समज परवडणाराच नव्हता. महागाईने जो विवेक सांभाळला होता तो स्वस्ताई आल्यावर आपला आपण सांभाळायला हवा होता. ते झालं नाही.

हा समज चुकीचा का आहे, ते आता लाकडाकडून समजून घेऊ. लाकूड म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या तंतूंची जुडी. टोकदार खिळा आत शिरताना तंतूंना बाजूला सारतो, म्हणजे तो एक पाचरच असतो. एक खिळा ते तंतू सोसतात. त्याच रेषेत दुसरा, तिसरा मारला की आपण लाकूड जोडत नसतो, फोडत असतो. दगड फोडणारा वडार असंच करतो ना? एका ओळीत पाचरी मारत जातो. फळीच्या टोकाशी तर ही भीती जास्त. म्हणून जाणते सुतार खिळे एका रेषेत मारत नाहीत, मागेपुढे मारतात. कठीण लाकडात आधी गिरमिटाने भोक पाडतात. आणि खिळ्याचं टोक हातोडीने ठेचून बोथट करतात, म्हणजे ते तंतूंना फाकवण्याऐवजी चिरडत आत जातं. जुन्या कापीव खिळ्याचं टोक मुळातच बोथट होतं, आणि त्याची पकडही तारेच्या खिळ्यापेक्षा चांगली होती. आता साखळी लक्षात घ्या. खिळा स्वस्त झाला, पण पकड कमी झाली. पकड कमी म्हणून जास्त खिळे लागले. जास्त खिळ्यांनी लाकूड फुटलं. फुटलं म्हणून आणखी खिळे.

दुसरी गोष्ट, लाकूड मेल्यावरही हलतं. पावसाळ्यात दार घासतं, उन्हाळ्यात फटी पडतात, हा कोकण-मुंबईतला रोजचा अनुभव आहे. पण ते हलतं रुंदीत. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंद फळीच्या दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या तर उन्हाळ्यात फळीला आकसायला जागा राहत नाही, ती मधोमध तडकते. आमच्या मेजाचं नेमकं हेच झालं. ती चीर पाडणारे खिळे आम्हीच मारले होते, आणि चीर पडल्यावर उपाय म्हणून पुन्हा खिळेच मारले.

तिसरी गोष्ट, खिळ्यांच्या संख्येपेक्षा त्यांची जागा महत्त्वाची. ऑगस्ट १९९२ मध्ये 'अँड्र्यू' नावाचं चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं आणि हजारो घरांची छपरं गेली. नंतरच्या पाहणीत बऱ्याच ठिकाणी असं दिसलं की छपराच्या प्लायवूडमधून खिळे आरपार गेले होते, पण खालच्या कैचीच्या लाकडात शिरलेच नव्हते. बाजूने हवेत गेले होते. वरून पाहणाऱ्याला खिळ्यांचे माथे ओळीने दिसत होते. आत पकड शून्य. यंत्राच्या बंदुकीने धडाधड खिळे मारणाऱ्याला खिळा लाकडात गेला की हवेत, हे हाताला कळत नाही. हातोडी मारणाऱ्याला आवाजावरून कळतं.

आता आपल्या घरी येऊ. आज आपल्याकडे खिळ्याची जागा बरीचशी स्क्रूने घेतली आहे, सवय मात्र तीच. १९५९ साली फेव्हिकॉल आला आणि सरस वितळवत बसायचं कारण उरलं नाही. प्लायवूड आलं, आणि त्याबरोबर ते काळे, जिप्समचे स्क्रू सगळीकडे दिसू लागले. ते मुळात जिप्समच्या पातळ पत्र्यासाठी केलेले. कडक असतात आणि आडवा भार आला की वाकत नाहीत, कटकन तुटतात. साधा खिळा निदान वाकून आधी सूचना तरी देतो. भिंतीवरचं पुस्तकांचं कपाट अशा स्क्रूंवर टांगायचं आणि एकदोन तुटतीलच म्हणून पंधरा मारायचे, हा उपाय नव्हे. चार योग्य स्क्रू योग्य जागी हवेत. आणखी एक सर्रास दिसणारी सवय, स्क्रू हातोडीने ठोकणं. तीनचतुर्थांश ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे फिरवायचे. स्क्रूचे आटे लाकडात स्वतःची वाट कापत जातात, त्यावर त्याची पकड असते. ठोकलात की ती वाट उद्ध्वस्त होते. स्क्रूची किंमत देऊन आपण वाईट प्रतीचा खिळा विकत घेतो. मग तो सैल होतो. मग शेजारी दुसरा.

याच्या उलट टोकाला जाणारेही लोक आहेत. 'एकही खिळा न वापरता बांधलेलं' हे वाक्य ऐकलं की त्यांचे डोळे पाणावतात. रशियातल्या किझी बेटावरचं १७१४ चं बावीस घुमटांचं लाकडी चर्च असंच सांगितलं जातं. त्याचे ओंडके एकमेकांत खाचांनी अडकवलेले आहेत हे खरं, पण घुमटांवरच्या लाकडी खपल्या खिळ्यांनीच बसवलेल्या आहेत. जपानमधलं होर्युजी मंदिर जगातल्या सर्वात जुन्या लाकडी इमारतींपैकी एक, सांध्यांसाठी नावाजलेलं. तिथेही घडीव लोखंडी खिळे आहेत, शेकडो वर्षं टिकलेले. तेव्हा शून्य खिळे हा आदर्श नाही. जिथे सांध्याने काम होतं तिथे सांधा, जिथे खिळ्याने होतं तिथे खिळा. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली जहाजं लोखंड आणि लाकूड दोन्हींचा स्वभाव ओळखून बांधलेली होती. ओक लाकडातलं आम्ल लोखंडाला खातं, सागातलं तेल त्याला जपतं, असं तेव्हाचे जाणकार सांगत. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे.

न्यायशास्त्रात एक सुंदर जोडी आहे, लाघव आणि गौरव. मराठीत गौरव म्हणजे सत्कार. शास्त्रात मात्र गौरव हा दोष आहे. गौरव म्हणजे जडपणा. जी गोष्ट दोन गृहीतकांत सिद्ध होते तिला पाच लावली तर गौरवाचा दोष लागतो. पण लक्षात ठेवा, लाघव म्हणजे कमीत कमी नव्हे. काम न होण्याइतकं कमी केलं तर तो वेगळाच दोष. लाघव म्हणजे पुरेसं, आणि पुरेसं किती हे कळायला आधी वस्तू कळावी लागते. ज्याला वस्तू कळलेली नसते तो संख्येचा आधार घेतो. आमच्या मेजातले त्रेचाळीस खिळे म्हणजे आमच्या अज्ञानाची त्रेचाळीस वेळा केलेली नोंद होती.

आणि जास्तीच्या खिळ्याचं ओझं पुढच्यावर पडतं, हे आपण विसरतो. जुना वाडा पाडतात तेव्हा त्याचं सागवान पुन्हा विकलं जातं. नीट सांध्यांनी जोडलेली तुळई सुटून येते आणि दुसऱ्या घरात जाते. खिळ्यांनी चाळण झालेल्या लाकडाला गिरणीवाला हात लावत नाही, कारण आत राहिलेला एक खिळा करवतीचं पातं घालवतो. मग ते सरपणात जातं. शंभर वर्षांचं झाड, पन्नास पैशांच्या खिळ्यापायी.

व्याख्यानाआधी एका श्रोत्यांनी विचारलं होतं, घरी करायचं तरी काय? जमेल तेवढं सांगतो. हातोडी उचलण्याआधी वस्तू उलटी करून पाहा, हलतंय का ते शोधा. खिळ्याची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या साधारण तिप्पट घ्या, म्हणजे दोन हिस्से खालच्या लाकडात जातात. लाकडाच्या टोकात, तंतूंच्या दिशेने मारलेला खिळा धरत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका. दोन खिळे उलटसुलट तिरपे मारले तर सरळ मारलेल्यांपेक्षा चांगले धरतात. रुंद फळीला एका बाजूला पक्कं करा, दुसऱ्या बाजूला हलायला वाव ठेवा. आणि दुकानातून खिळे मोजून आणा. दुकानदार हसेल. हसू दे.

मेजाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मिस्त्रींनी फाटलेल्या पायात लाकडी खुंट्या घालून तो सांधला, चीर भरली आणि सहा नवे गुटके केले. वरून पाहिलं तर फळीवर खिळ्यांची भोकं अजून दिसतात. ती बुजवून देतो म्हणाले, आम्ही नको म्हटलं. उपटलेले खिळे पत्र्याच्या एका डब्यात ठेवले आहेत. मध्यंतरी नातीने विचारलं, "आजोबा, हे सगळे वाकडे खिळे कशाला ठेवलेत?" आम्ही तिला म्हटलं, बाळ, या आमच्या चुका आहेत. ती म्हणाली, "हो, माहितीये, चुकाच म्हणतात त्यांना."